अरणगावचे बाबा आणि दहा सीडींची पेटी

अहिल्यानगरहून दौंडच्या रस्त्याला लागलं की नऊ-दहा किलोमीटरवर अरणगाव येतं. रस्त्यालगत मेहेराबादचा जुना परिसर, मग मनमाड-दौंड लोहमार्ग आणि रूळ ओलांडून गेलं की टेकडीवर मेहेरबाबांची समाधी. ३१ जानेवारीच्या अमरतिथीला इथे देशोदेशीचे लोक जमतात आणि त्या दिवसांत पंचक्रोशीला इराणी, अमेरिकी, ऑस्ट्रेलियन चेहऱ्यांचं फारसं अप्रूप उरत नाही. कर्जतहून मिरजगावमार्गे नगरला यायचं म्हणजे दीड-दोन तासांचा प्रवास; पण कर्जत, श्रीगोंदा, जामखेडच्या अनेकांना हे ठिकाण नुसतं ‘बाबांचा आश्रम’ म्हणून ठाऊक असतं. याच बाबांचं नाव पन्नासहून अधिक वर्षं जगभरच्या स्टेडियममध्ये गर्जतं आहे, हे मात्र जिल्ह्यातल्या फार थोड्यांना माहीत असेल.

गाण्याचं नाव ‘बाबा ओ’रायली’. बँड लंडनचा, ‘द हू’. अल्बम १९७१ चा, ‘हूज नेक्स्ट’. गीतकार-संगीतकार पीट टाउनशेंड. नावाचा पहिला अर्धा भाग मेहेरबाबांवरून आला, दुसरा टेरी रायली या अमेरिकी संगीतकारावरून. अमेरिकेतल्या एका गाजलेल्या गुन्हेतपास मालिकेचं हे शीर्षकगीत झालं. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या समारोपात बँडने ते वाजवलं. रॉकशी काडीचाही संबंध नसलेल्या माणसानेही त्याची सुरुवात कुठे ना कुठे ऐकलेली असते: एकच आवर्तन गरगर फिरत राहतं आणि पाऊण मिनिटाने त्यावर पियानोचे तीन ठोस स्वरपुंज येऊन आदळतात.

सप्टेंबर २०२३ मध्ये हा नऊ गाण्यांचा अल्बम नव्या रूपात बाजारात आला. मूळ तबकडी पाऊण तासाच्या आतली. नव्या पेटीत दहा सीडी, एक ब्लू-रे, शंभर पानांचं पुस्तक, शिवाय चित्रकादंबरी. ध्वनिमुद्रणं एकूण १५५ आणि त्यांतली ८९ पूर्वी कधीच प्रसिद्ध न झालेली. मराठी प्रकाशकांच्या भाषेत ही ‘सुधारून वाढविलेली आवृत्ती’. प्रश्न उरतो तो इतकाच की नऊ गाण्यांची दीडशे झाल्यावर ऐकणाऱ्याच्या पदरात नक्की काय पडतं?

प्रश्न रास्त आहे, कारण या धंद्यात भरताड पुष्कळ आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत सीडीचा खप उतरला, गाणी फोनवर जवळजवळ फुकटात मिळू लागली, तेव्हा जुन्या भांडवलातून पुन्हा पैसा काढण्याची ही एक खात्रीची वाट कंपन्यांना सापडली. गिऱ्हाईकही ठरलेलं: तरुणपणी ही तबकडी घासून घासून ऐकलेला, आता खिशात चार पैसे असलेला, साठीकडे झुकलेला माणूस. त्याला त्याच अल्बमची एलपी विकून झाली, कॅसेट झाली, सीडी झाली, ‘रिमास्टर’ झालं. ‘हूज नेक्स्ट’चंच पाहा. १९९५ मध्ये सात जादा गाणी घालून एक आवृत्ती आली, २००३ मध्ये दोन सीडींची आली आणि २०२३ मध्ये ही दहांची. पेटीतल्या काचेच्या गोट्या, स्कार्फ आणि तिकिटांच्या नकला हे तर वेगळंच प्रकरण. पिंक फ्लॉइडच्या २०११ च्या ‘डार्क साइड ऑफ द मून’च्या पेटीत गोट्या आणि स्कार्फ खरोखरच होते.

तेव्हा आधी दोन गोष्टी सोडवून घ्यायला हव्यात. रिमास्टर म्हणजे तयार झालेल्या मूळ टेपवरच शेवटचा हात फिरवणं: खरखर कमी, आवाज थोडा उजळ. बऱ्याचदा तो नुसताच मोठा केलेला असतो आणि गाण्यातले चढउतार त्यात सपाट होतात. रिमिक्स म्हणजे त्याच्या एक पायरी मागे जाणं. सत्तरच्या दशकापर्यंत मोठ्या स्टुडिओत आठ-सोळा पट्ट्यांची टेप आली होती: ढोल एकीवर, बास दुसरीवर, गायकाचा गळा तिसरीवर. त्या सुट्या पट्ट्या हाताशी असतील तर सगळा वाद्यवृंद पुन्हा नव्याने मांडता येतो. बीटल्सच्या १९६६ च्या ‘रिव्हॉल्व्हर’ची अडचण अशी की तो चार पट्ट्यांवर झाला होता, जागा करायला अनेक वाद्यं एकाच पट्टीत कोंबली होती. दिग्दर्शक पीटर जॅक्सनच्या चमूने बीटल्सवरच्या माहितीपटासाठी एकत्र झालेले आवाज सुटे करणारं तंत्र विकसित केलं, तेव्हा कुठे २०२२ मध्ये त्याची नवी मांडणी शक्य झाली.

तंत्र म्हणून हे सगळं नवलाचं आहे. पण पेटीचे पैसे वसूल होतात ते या उजळणीने नव्हे. ते होतात तिसऱ्या मालामुळे: डेमो, बाद झालेले टेक, अर्धवट सुटलेले मुखडे, मैफलींची ध्वनिमुद्रणं, आणि कोण कुठे कधी काय वाजवत होतं याचा हिशेब. ‘हूज नेक्स्ट’ची पेटी या कसोटीवर उतरते, आणि त्याचं कारण थेट आपल्या मुलखात येऊन पोचतं.

टाउनशेंडला मेहेरबाबांची ओळख १९६७ मध्ये झाली, चित्रकार माइक मॅकइनर्नी यांच्यामार्फत. पुढे याच मॅकइनर्नींनी ‘टॉमी’ या रॉक-ऑपेराचं मुखपृष्ठ केलं आणि त्याच्या श्रेयनामावलीत ‘अवतार’ म्हणून मेहेरबाबांचं नाव छापलं गेलं. बाबांशी टाउनशेंडची प्रत्यक्ष भेट झालीच नाही. पुण्यात १८९४ मध्ये जन्मलेल्या मेरवान शेरियार इराणी यांनी, म्हणजेच मेहेरबाबांनी, १० जुलै १९२५ रोजी मेहेराबादला मौन धरलं ते ३१ जानेवारी १९६९ ला पिंपळगाव माळवीजवळच्या मेहेराझादला देह ठेवेपर्यंत सोडलं नाही. आधी अक्षरफळ्यावर बोट फिरवून, नंतर फळाही सोडून नुसत्या खुणांनी ते बोलत. ‘टॉमी’ बाजारात आली त्याच वर्षीच्या मे महिन्यात. साडेत्रेचाळीस वर्षं न बोललेल्या माणसाचा शिष्य जगातल्या सर्वांत कर्णकटू बँडचा म्होरक्या निघावा, हा योग नगर जिल्ह्यालाच शोभतो. साईबाबा शिर्डीचे, उपासनी महाराज साकोरीचे. सरळ रेषेत न चालणाऱ्या संतांची या मातीला सवय आहे.

‘टॉमी’नंतर टाउनशेंडने ‘लाइफहाउस’ नावाचं प्रकरण अंगावर घेतलं. सिनेमा, मैफल आणि अल्बम एकाच वेळी. कथा पुढच्या काळातली: हवा विषारी झालेली, माणसं घरात कोंडलेली, एका जाळ्याला जोडलेल्या पोशाखांतून आयुष्याचा आभास घेत पडलेली. संगीत बंद. मग काही जण एका जागी जमतात, प्रत्येकाच्या अंगच्या माहितीवरून यंत्र त्याचा-त्याचा सूर काढतं आणि सगळे सूर मिळून अखेरीस एकच नाद उरतो. इंटरनेट अजून कोसभर दूर असताना लिहिलेलं हे कथानक बँडमधल्या बाकीच्या तिघांना कळलं नाही, सिनेमावाल्यांना कळलं नाही, आणि टाउनशेंड ते समजावता समजावता कोसळायच्या बेताला आला.

त्या अखेरच्या एका नादाचं मूळ बडोद्याला आहे. टाउनशेंड तेव्हा हजरत इनायत खान यांचं नादावरचं लेखन वाचत होता. इनायत खान १८८२ मध्ये बडोद्यात जन्मले. त्यांचे आजोबा मौलाबक्ष यांनी सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने तिथे संगीतशाळा काढली होती. गायकवाडी बडोद्यातला नादविचार आणि अरणगावची समाधी लंडनच्या ट्विकनहॅम भागातल्या एका घरगुती स्टुडिओत एकत्र आली. एरवी हे वाक्य वाचताना कुणीही भुवया उंचावेल. पेटीतले डेमो ऐकल्यावर ते जागच्या जागी बसतं.

या डेमोंवर टाउनशेंड सगळं एकटा वाजवतो: ढोल, बास, गिटार, कळफलक आणि गळाही त्याचाच. ‘बाबा ओ’रायली’ची कल्पना अशी होती की मेहेरबाबांच्या आयुष्याची माहिती यंत्राला भरवली तर काय वाजेल ते पाहावं. पुढे दंतकथा पसरली की ती गरगरती सुरावट खरोखरच संगणकासारख्या सिंथेसायझरने बाबांच्या जन्मकाळावरून काढली. वस्तुस्थिती जास्त गोड आहे. ती लाउरी कंपनीच्या घरगुती ऑर्गनची करामत आहे. त्या ऑर्गनला ‘मरिम्बा रिपीट’ नावाची एक कळ असते. बोटं पट्ट्यांवर दाबून धरली की यंत्र आपोआप तेच स्वर लाकडी तरंगासारखे पुन्हा पुन्हा ठोकत राहतं. वाजवणाऱ्याने फक्त बोटं हळूहळू सरकवायची. मूळ रूप नऊ मिनिटांच्याही पुढे चालत राहतं, शब्दांविना. अल्बमवर ते पाच मिनिटांवर आलं. शेवटी व्हायोलिन घालण्याची कल्पना ढोलवाल्या कीथ मूनची आणि ते वाजवलं डेव्ह आर्बस याने. लांब रूप आधी ऐकून मग पाच मिनिटांचं लावावं. कापणाऱ्याची नजर काय असते ते तेव्हा कळतं. ती सुरावट मुळात गाण्याची प्रस्तावना नव्हतीच, जपासारखी अखंड चालायची वस्तू होती, हेही तेव्हाच कळतं.

दुसरा पुरावा आणखी ठाम आहे. ‘हूज नेक्स्ट’मधल्या ‘द साँग इज ओव्हर’च्या अखेरीस एक ओळ तरंगत येते आणि गाणं विरतं. त्या ओळीचा आधीच्या गाण्याशी काही संबंध लागत नाही. पिढ्यान्‌पिढ्या श्रोत्यांनी ती गूढ म्हणून सोडून दिली. ती ‘प्युअर अँड ईझी’ या दुसऱ्याच गाण्याची पहिली ओळ आहे आणि ‘लाइफहाउस’च्या कथेचा कणा ते गाणं होतं. बेत फसला, एकाच तबकडीचा अल्बम करायचं ठरलं, कणा काढून टाकला गेला आणि त्याचा एक तुकडा दुसऱ्या गाण्यात अडकून राहिला. विस्तारित आवृत्तीत ते गाणं जागेवर परत आलं की जुन्या अल्बमचं शेवटचं पान वाचल्यासारखं होतं. असं एक जरी गाणं हाती लागलं तर बाकीच्या चार सीडी धूळ खात पडल्या तरी चालतील.

पडतीलही. मार्च १९७१ मध्ये न्यूयॉर्कला झालेली आणि नंतर टाकून दिलेली ध्वनिमुद्रणं उत्सुकतेपोटी एकदा ऐकावीत. मग निर्माता ग्लिन जॉन्सने लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत तीच गाणी नव्याने का केली, ते सांगायला समीक्षक लागत नाही. एप्रिलमधली यंग व्हिक नाट्यगृहातली आणि डिसेंबरमधली सॅन फ्रान्सिस्कोची, अशा दोन मैफलीही पेटीत आहेत. दुसरी ऐकताना शेजाऱ्यांची परवानगी घ्यावी.

नगरकरांसाठी खरं घबाड मात्र या पेटीबाहेर आहे, एका छोट्या संचात. टाउनशेंड आणि त्याच्या मित्रांनी बाबांच्या भक्तांसाठी काही खासगी तबकड्या काढल्या होत्या: १९७० ची ‘हॅपी बर्थडे’, १९७२ ची ‘आय ॲम’. थोड्याच प्रती, ओळखीपाळखीत वाटायला. पण त्यांच्या चोरट्या नकला बाजारात फिरू लागल्या, तेव्हा निवडक गाणी घेऊन रीतसर ‘हू केम फर्स्ट’ हा अल्बम १९७२ मध्ये काढावा लागला. २०१८ मध्ये त्याची पंचेचाळिसाव्या वर्षाची दोन सीडींची आवृत्ती आली. तीत त्या खासगी तबकड्यांवरचा बराच माल आहे. ‘बाबा ओ’रायली’चं शब्दांविना रूप आहे. १० जुलैच्या मौनदिनाशी जोडलेलं ‘डे ऑफ सायलेन्स’ आहे. मेहेरबाबांनी १९५३ मध्ये दिलेल्या प्रार्थनेला लावलेली ‘परवरदिगार’ची चाल आहे, आणि तिचं दुसरं रूपही. ‘ड्राउन्ड’ हे गाणं तर भारतात गायलेल्या रूपात आहे. यादीत त्याच्यापुढे तसं लिहिलेलंच आहे.

आणि ‘बिगिन द बिगीन’ आहे. कोल पोर्टरचं हे नाचाच्या दिवाणखान्यातलं गाणं मेहेरबाबांच्या आवडीचं. फेब्रुवारी १९६९ मध्ये अरणगावच्या टेकडीवर समाधीचे विधी चालू असताना त्यांच्या इच्छेनुसार ही तबकडी वाजवली गेली. नगर जिल्ह्यातल्या माळावर, ऐन थंडीत, ब्रॉडवेचं गाणं. टाउनशेंडने ते एकट्याने गाऊन ‘हॅपी बर्थडे’वर घातलं, ते याच धाग्याने. त्याने समाधीचं दर्शन घेतलं ते १९७२ मध्ये. हे सगळं नुसतं वाचलं तर भक्तचरित्रातला एक परिच्छेद. ऐकलं तर एका रॉकवाल्याचा हळवा, किंचित बेसूर गळा. पेटीच्या किमतीत हाच फरक मिळतो.

आता मुंबईकडे वळू, कारण जुन्या रॉकच्या पेट्यांमध्ये महाराष्ट्र आणखी दोनदा सापडतो आणि दोन्ही वेळा वाजवणारे आपले होते.

जानेवारी १९६८. बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन ‘वंडरवॉल’ या चित्रपटाचं संगीत ध्वनिमुद्रित करायला मुंबईत आला. स्टुडिओ फोर्टात, फिरोजशहा मेहता रोडवरच्या एचएमव्हीचा. खालून वाहतूक, आत तिचा आवाज. मुंबईत स्टीरिओ मुद्रणाचं यंत्र नव्हतं म्हणून कंपनीचे भास्कर मेनन यांनी ते कलकत्त्याहून आणवलं. हेच मेनन पुढे अमेरिकेत कॅपिटॉल रेकॉर्ड्सचे प्रमुख झाले आणि ‘डार्क साइड’ तिथे घरोघरी पोचवण्यात त्यांचा वाटा मोठा होता. जानेवारीच्या त्या चार-पाच दिवसांत संतूर, शहनाई, सूरबहार, तार शहनाई, तबला तरंग असं बरंच काही वाजलं. त्यातूनच बीटल्सच्या ‘द इनर लाइट’चा वाद्यभाग मुंबईत झाला, हॅरिसनचा गळा फेब्रुवारीत लंडनला चढवला गेला आणि मार्चमध्ये ते ‘लेडी मॅडोना’च्या मागच्या बाजूला निघालं.

मूळ तबकडीची श्रेयनामावली वाचताना मराठी माणूस गोंधळतो. संतूरवादकाचं आडनाव ‘शर्मर’ असं छापलं आहे. ते शिवकुमार शर्मा. सूरबहारपुढे नुसतं ‘चंद्र शाखर’. ते चंद्रशेखर नारिंग्रेकर. बासरीपुढे एस. आर. केंकरे आणि हार्मोनियम-तबला तरंगपुढे रिजराम देसाद. बीटल्सपैकी एकाचा पहिला स्वतंत्र अल्बम, बीटल्सच्याच ॲपल कंपनीचाही पहिला, आणि त्यात फोर्टातल्या स्टुडिओत बसलेली ही मंडळी. २०१४ मध्ये हॅरिसनचे ॲपलवरचे अल्बम पुन्हा निघाले, तेव्हा ‘वंडरवॉल म्युझिक’मध्ये तीन जादा तुकडे आले. त्यांतला एक ‘द इनर लाइट’च्या वाद्यभागाचा वेगळा टेक. बीटल्सच्या गाण्याखाली आजवर दबून राहिलेले आपले वादक त्यात मोकळे ऐकू येतात, गळा नाही, लंडन नाही. काही मिनिटांचा हा जोड साऱ्या अल्बमचा तोल बदलतो.

लेड झेपलिनचं उदाहरण त्याच जातीचं आणि थोडं चरफडवणारं. १९७२ मध्ये जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले, कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ क्लबात वाजवूनही गेले. विजय राघव राव यांच्या साथीने भारतीय वादकांबरोबर त्यांनी ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ नव्याने ध्वनिमुद्रित केली. ती चोरट्या टेपांवर चाळीसेक वर्षं फिरली. जुलै २०१५ मध्ये ‘कोडा’ या अल्बमची विस्तारित आवृत्ती निघाली, तेव्हा ती प्रथम अधिकृतपणे बाहेर आली. सतारी आणि तबल्याखाली पेजची गिटार कुठे दबते, वादकांना ‘फोर स्टिक्स’च्या अडनिड्या ठेक्याशी झटताना कुठे अवघडतं, हे लख्ख कळतं. मग यादीकडे बघावं तर गाण्याच्या नावापुढे कंसात दोनच शब्द: बॉम्बे ऑर्केस्ट्रा. चित्रपटांच्या वाद्यवृंदात आयुष्य घालवलेल्या माणसांना असं सामूहिक नाव मिळण्याची सवय असावी. आपण ती लावून घेऊ नये.

नाव परत मिळवून देणं हे पुनर्मुद्रणाचं दुर्मिळ पण खरं काम आहे. चरणजीत सिंग यांचं उदाहरण त्यातलं ठळक. मुंबईच्या चित्रपटसंगीतातले हे वादक. १९८२ मध्ये एचएमव्हीने त्यांची ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी काढली, रोलँडच्या यंत्रांवर दहा राग. कुणी विचारलं नाही. एका डच संग्राहकाला ती जुन्या मालात दिल्लीत सापडली, २०१० मध्ये ‘बॉम्बे कनेक्शन’ने ती पुन्हा काढली आणि शिकागोच्या ‘ॲसिड हाउस’ या नृत्यसंगीताच्या कितीतरी आधी मुंबईत हे कुणी वाजवलं, असा प्रश्न युरोपभर विचारला जाऊ लागला. सत्तरी ओलांडलेले चरणजीतजी परदेशी मंचांवर गेले. २०१५ मध्ये ते वारले. अॅटॉमिक फॉरेस्ट या सत्तरच्या दशकातल्या मुंबईच्या बँडचंही तसंच. त्यांची एकुलती एक तबकडी ‘ऑब्सेशन ७७’. २०११ मध्ये अमेरिकेच्या ‘नाउ-अगेन’ने इतर ध्वनिमुद्रणं आणि माहितीपुस्तिका जोडून ती काढली. मुंबईचा रॉक ऐकायचा तर अमेरिकेतून मागवायचा, अशी ही गत.

मराठीत या धर्तीचं काय झालं? जे झालं ते बहुतेक ‘सर्वोत्तम बारा’ किंवा ‘सदाबहार’ या छापाचं. वेगवेगळ्या तबकड्यांतली गाणी एका पिशवीत, मागे ना वर्ष, ना वादक, ना मुद्रणस्थळ. लेबलच बदलायचं.

‘गीतरामायण’ घ्या. पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ ला रामनवमीला ते सुरू झालं, ग. दि. माडगूळकरांची छप्पन्न गीतं, सुधीर फडक्यांच्या चाली, कल्पना सीताकांत लाड यांची. मूळ मालिकेत आवाज अनेक होते: लता मंगेशकर, माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, राम फाटक, मालती पांडे, ललिता फडके. नंतर घराघरात रुजली ती एकट्या फडक्यांच्या आवाजातली आवृत्ती. तिच्याविषयी वाईट बोलायची कुणाची छाती नाही, तशी गरजही नाही. पण एखाद्या परदेशी बँडने अशी वस्तू केली असती तर एका पेटीत दोन्ही आवाज शेजारी बसले असते, निवेदनासह. आणि पुस्तिकेत दर आठवड्याला नवं गीत लिहून, चाल लावून, बसवून हवेत सोडायचा तो वर्षभराचा वारकरी नेम तारीखवार मांडला असता.

त्या पुस्तिकेत नगर जिल्ह्यालाही एक पान मिळालं असतं. गीतरामायणात व्हायोलिन वाजवणारे प्रभाकर जोग मूळचे हरेगावचे, श्रीरामपूर तालुक्यातल्या साखर कारखान्याच्या गावचे. फडक्यांचे ते सहायक आणि पुढे ‘गाणारं व्हायोलिन’ म्हणून महाराष्ट्राने डोक्यावर घेतलेले. ऑक्टोबर २०२१ मध्ये ते गेले. गळ्याच्या मागे धावणारी त्यांची तार ऐकायची तर गळ्याखालचा आवाज सुटा हवा, आणि तसा सुटा आवाज पन्नासच्या दशकातल्या एकपदरी मुद्रणातून काढणं अवघड. ‘रिव्हॉल्व्हर’साठी वापरलेलं तंत्र इथे वापरलं तर काय निघेल, एवढाच विचार करून पाहावा.

७८ फेऱ्यांच्या तबकड्यांबाबत तर तीही सोय फारशी नाही. १९२५ च्या सुमारास विजेवरचं मुद्रण येईपर्यंत गायक, सारंगी, हार्मोनियम, तबला सगळे एकाच कर्ण्यासमोर बसत. बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. नाट्यगृहात ‘वन्स मोअर’ घेत तास-तास रंगणारे बालगंधर्व त्या तीन मिनिटांत बसवले गेले. तिथे जादा टेक मिळण्याची आशा कमी. मिळते ती मोजकी माहिती. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सने हे काम चिकाटीने केलं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेले सुरेश चांदवणकर यांच्यासारख्या माणसांनी तबकडीवरचे क्रमांक जुळवून कोणतं गाणं कधी, कुठे झालं याचा माग काढला. आणि जिथे तबकडीच नाही तिथे कोणतीच आवृत्ती निघत नाही. भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले, मागे एकही ध्वनिमुद्रण न ठेवता. त्यांचं गाणं आता शिष्यांच्या आठवणींतून आणि शिष्यांच्या गळ्यांतूनच अंदाजायचं.

केसरबाई केरकरांना मात्र जगातली सर्वांत लांब पल्ल्याची तबकडी मिळाली. गोव्यातल्या केरी गावच्या या गायिकेची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानावरच्या सोनेरी तबकडीत गेली. ‘व्हॉयेजर १’ हे यान ५ सप्टेंबरला सुटलं, केसरबाई १६ सप्टेंबरला गेल्या. ती तबकडी पृथ्वीवरच्या माणसांना नीट विकत मिळायला चाळीस वर्षं लागली. २०१७ मध्ये ‘ओझ्मा रेकॉर्ड्स’ने सोनेरी एलपींची पेटी काढली, चाहत्यांच्या आगाऊ वर्गणीवर, आणि तिच्या मांडणीला ग्रॅमी मिळाली. त्या पेटीत केसरबाईंच्या आगेमागे बाख आणि चक बेरी आहेत. तिथे त्यांची भैरवी ऐकताना आपल्या ओळखीचं गाणं पाहुण्यासारखं समोर येतं.

तेव्हा पेटी घ्यायची की नाही, याला एक कोरडा निकष पुरतो. यादी काढावी आणि मूळ अल्बममध्ये नसलेलं काय आहे ते बघावं. तेच गाणं ‘रिमास्टर’, ‘मोनो’, ‘सिंगल व्हर्जन’ असं चार वेळा आलं असेल तर पैसे खिशात ठेवावेत. नव्याने गायलेला भाग जुन्या नावाखाली खपवला असेल तर दोनदा विचार करावा. रोलिंग स्टोन्सने २०१० मध्ये ‘एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट’च्या आवृत्तीत १९७२ च्या सुमाराच्या सुट्या वाद्यभागांवर गायक जॅगरचा नवा, अडतीस वर्षं मुरलेला गळा चढवला. गाणी वाईट नाहीत, पण ती १९७२ ची म्हणवत नाहीत. उलट बॉब डिलनच्या २०१५ च्या ‘द कटिंग एज’ या संचाची सर्वांत मोठी आवृत्ती अठरा सीडींची, आणि सहा सीडींच्या आवृत्तीत एक अख्खी सीडी ‘लाइक अ रोलिंग स्टोन’च्या टेकांची. सुरुवातीला ते गाणं तीन मात्रांच्या डुलत्या लयीत होतं. तिथून त्याची सरळ, चिडलेली चाल होईपर्यंतचा रस्ता ज्याला ऐकायचा आहे त्याने पैसे मोजावेत. बाकीच्यांनी पाच-सहा टेक फोनवर ऐकून सोडून द्यावे. ‘हूज नेक्स्ट’ची गाणी, ‘कोडा’ची मुंबईतली दोन गाणी आणि ‘वंडरवॉल’चा तो टेक यांसाठी आता पेटी मागवावीच लागते असं नाही, कर्जतच्या एसटी स्टँडवरही ती ऐकता येतात. पुस्तिका मात्र फोनवर येत नाही आणि खरं म्हणजे अर्धा ऐवज तिच्यात असतो.

एक विनंती कर्जत-जामखेडच्या घरांना. गोदड महाराजांच्या रथयात्रेतलं कीर्तन, गावच्या भजनी मंडळाचा जागर, वगाचा एखादा प्रयोग यांच्या सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या कॅसेट अजून कुठल्या तरी फडताळात असतील. त्या उन्हात ठेवू नका, बिघडलेल्या टेपरेकॉर्डरवर लावून बघू नका; चांगल्या यंत्रावरून एकदा संगणकावर उतरवून घ्या. आणि उतरवताना सोबत कागदावर लिहा: बुवा कोण, मृदंग कुणाचा, पेटी कुणाची, टाळकऱ्यांत कोण कोण होतं, गाव कोणतं, साल कोणतं. नाव नक्की माहीत असलेली माणसं अजून आहेत, त्यांना आजच विचारा.